पाचच्या आत

"पाचच्या आत चालू कर गो. माझो धनेश रोज पाचाक माका बघता."

मथुराकाकीने सुरंगीचा वळेसर आधीच केसांत माळला होता. पडवीतली खुर्ची कॅमेऱ्याच्या बरोब्बर समोर मांडलेली. तोंडवलीतल्या या घरात पाहुण्यांसाठी तीन खोल्या; वाय-फाय आणि कॅमेरे मुलाने, धनेशने, पुण्याहून येऊन बसवले आणि आला तसा परत गेला. परवा राउटरला विजेचा झटका बसला, तेव्हापासून सगळं मुकं. दोन दिवस झाले, धनेशचा फोन काही आला नव्हता.

मालवणहून दुरुस्तीला आलेल्या अक्षयाने राउटरच्या पाठीत निळी वायर खोचली आणि दुसरं टोक आपल्या लॅपटॉपला लावलं.

"हेका इतकी भोकां आसत. ह्या आणि वेगळा कित्याक?"

"ह्या भोकातून नेट जाणा नाय, काकी. नेट मेला काय लांबून हेच्याशी बोलूक गावणा नाय. मगे कोणीतरी येवन, हेच्या बाजूक बसून, वायर लावूची लागता. तेच्यासाठीच ठेवलला आसा."

"मालवणात बसून जमला नसता?"

"मालवणात काय, अमेरिकेत बसून पण नाय. वायर दीड मीटरची आसा."

"बराच लाडावलला दिसता," काकी म्हणाली. "माणूस बाजूक बसल्याबिगर तोंड उघडणा नाय."

अक्षया हसली. पडद्यावर जुन्या नोंदींची पांढरी अक्षरं सरसर वर गेली. वाचता वाचता ती बोलून गेली, "बाहेरून कॅमेरे बघूक शेवटचा कोण इला, तर... गणपतीत. मगे कोणच नाय."

आता शिमगा तोंडावर आला होता. बोलून झाल्यावर अक्षयाने जीभ चावली.

काकीची मान ताठच. "घड्याळ बिघडला आसतला तेचा."

"होय काकी," अक्षया खाली बघत म्हणाली. "विजेन घड्याळा बिघडतत."

पाचाला पाच मिनिटं कमी असताना राउटरचे दिवे हिरवे झाले. पडवीतल्या कॅमेऱ्याचा लाल ठिपका पेटला. अक्षयाने वायरला हात घातला.

काकी पडवीत गेली. कॅमेऱ्यासमोरची खुर्ची उचलून तिने आत आणली आणि अक्षयाच्या बाजूला टेकवली.

"वायर इतक्यात काढू नको," ती म्हणाली. "च्या ठेवतंय."