पाचव्या चाकाचे व्याकरण

“चाक अजून दोन बोटं वर घेता आलं तर बरं होईल,” लेक म्हणाली.

बाईंनी चाक दोन बोटे वर घेतले आणि मनातल्या मनात त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली. कर्ता नाही. आजही नाही.

तीस वर्षे शाळेत व्याकरण शिकवून निवृत्त झालेल्या या बाई आठ महिन्यांपूर्वी लग्न करून या घरात आल्या होत्या. घरात एक विधुर होता आणि त्याची सव्वीस वर्षांची लेक. लेकीने त्यांना कधी उणा शब्द ऐकवला नाही. हाक मारण्याचा शब्दही ऐकवला नाही. आई म्हणायला जीभ रेटेना. काकू म्हणावे तर वडील दुखावणार. ‘तुम्ही’त परकेपणा, ‘तू’मध्ये सलगी. या चौकात उभे राहून तिने पाचवीच वाट काढली. “चहा झालाय.” “दार लावून घेतलेलं बरं.” “गोळी घ्यायची राहिली वाटतं.” असे आठ महिने. ‘चूक झाली’ म्हणणारे आणि ‘मी केली’ न म्हणणारे मुत्सद्दी ही कला भरघोस पगार घेऊन दाखवतात. ही पोरगी ती फुकट दाखवत होती.

लग्नाच्या दिवशी आत्या, म्हणजे वडिलांची बहीण, चारचौघांत म्हणाली होती, “चला, दादाला स्टेपनी मिळाली!” पाहुणे पोट धरून हसले. बाईंनी त्या विनोदाला शून्य गुण दिले. शब्द मात्र रुतून बसला.

आज दुपारी लेक जीप घेऊन दुसऱ्या गावी, नोकरीवर निघणार होती. एकदा गेली की ती सुट्टीपुरती येणार, आणि सुट्टीपुरत्या माणसांची बोलण्याची घडी कायमची बसते. ती बसण्याआधी बाईंना एक कर्ता हवा होता. फार नाही. एक.

जीपला चारही चाके नवी, अलॉयची बसवली होती. पाचवे मागच्या दारावरच्या ब्रॅकेटला टांगायचे होते. हे काम वडील करणार होते. परंतु त्यांच्या कमरेने सकाळीच असहकार पुकारला. आता ते खिडकीत बसून सूचना देत होते. सूचनांना कंबर लागत नाही.

जुने पोलादी चाक पातळ होते. हे नवे जाडजूड. ब्रॅकेटच्या तीन बोल्टांची टोके त्याच्या भोकांतून जेमतेम डोकावत. जुने नट दोन आटे धरत आणि सुटत. म्हणून दुकानदाराने लांब मानेचे नट दिले होते. ते भोकात आतपर्यंत शिरून बोल्टला गाठतात. मात्र त्यासाठी भोक आणि बोल्ट अगदी समोरासमोर यावे लागतात. एवढे साधे काम माणसांनाही जमत नाही.

“बोल्ट दिसतोय का?” बाईंनी विचारले.

“नाही. डावीकडे सरकवावं लागेल.”

“दमायला झालं असेल. जरा थांबायचं का?”

“नको. उशीर होईल.”

“अगं, आधी वरचा नट लाव!” खिडकीतून आवाज आला. हे दोघींपैकी कोणाला, ते दोघींनाही कळले नाही. दोघींनीही ऐकले नाही असे दाखवले, आणि आधी वरचाच नट लावला.

त्याने चार आटे धरले. दुसरे भोक मात्र काही केल्या बोल्टासमोर येईना. बाईंनी चाक एका मांडीवर तोलले आणि बोल्ट कुठे आहे ते चाचपायला दोन बोटे चाकामागे घातली. चाक त्या एकाच नटाभोवती गर्रकन फिरले आणि ब्रॅकेटवर आदळायला निघाले.

“अगं, हात काढ! बोटं जातील तुझी! डोकं ठिकाणावर आहे का?”

लेक ओरडली आणि तिने खांदा लावून चाक अडवले. बाईंनी हात बाहेर ओढला. बोटे शाबूत आहेत की नाहीत हे त्यांनी पाहिलेच नाही. त्या दुसरेच काही मोजत होत्या. अगं. काढ. तुझी. द्वितीय पुरुष, एकवचन, एका दमात तीनदा. शिवाय डोक्याचा उद्धार. परक्या माणसाची अक्कल अशी कोणी काढत नाही.

लेकीचे कान लाल झाले. “म्हणजे… हात काढायला हवा होता,” ती पुटपुटली.

“आधीचं वाक्य बरोबर होतं,” बाई सवयीने बोलून गेल्या. “आठ महिन्यांनी का होईना, कर्ता सापडला म्हणायचा.”

लेकीने चाकावरचा खांदा न हलवता मान वळवली.

“आणि माझा कर्ता? ‘जेवण झालं का.’ ‘छत्री नेलेली बरी.’ आत्ता, ‘दमायला झालं असेल.’ आठ महिन्यांत मला एकदा तरी कोणी ‘तू’ म्हटलंय? मला आपलं वाटलं, सलगी आवडत नसेल.”

बाईंनी खुलाशासाठी तोंड उघडले. आठ महिन्यांतले स्वतःचे एकेक वाक्य त्यांच्यासमोर उत्तरपत्रिकेसारखे येऊन उभे राहिले. सगळी शुद्ध. सगळी सभ्य. एकातही समोरचे माणूस नाही. जगाच्या वह्या तपासत हिंडायचे आणि आपली वही दप्तरातून काढायचीच नाही, हा विद्वत्तेचा जुना रोग आहे. खुलाशाऐवजी त्यांना हसू फुटले. ते पाहून लेकीलाही फुटले, आणि दोघींच्या मध्ये चाक गदगदले.

“पाना कोणी घ्यायचा?” हसू आवरत लेकीने विचारले.

आज्ञार्थात कर्ता उच्चारायचा नसतो, हे बाईंनी मुलांच्या तीस तुकड्यांना घोकून घेतले होते. तिथे जास्तीचा ‘तू’ दिसला की त्या लाल शाईने खोडत. त्यांनी चाकाखाली गुडघा रोवला, आणि त्या म्हणाल्या,

“तू आवळ. मी धरते.”