साधा तापसुद्धा न्हाई

“अम्मी, आयेशाला लहानपणी कधी मोठं दुखणं झालं होतं का?”

जावयाने बहरीनहून विचारलं आणि जाहिदाचा हात चटणीच्या रिकाम्या डब्यावर तसाच थबकला. मोबाइल तेलाच्या किटलीला टेकवून उभा केला होता. त्यात अतीक आणि आयेशा शेजारी शेजारी बसलेले दिसत होते. जाहिदाच्या मांडीवर, ओढणीखाली, पाकिटातून सोडवलेल्या गोळ्या होत्या. त्या तेवढ्या मोबाइलला दिसत नव्हत्या.

“न्हाई हो, अतीकमियाँ,” ती म्हणाली. “साधा तापसुद्धा न्हाई.”

हे उत्तर तिला शोधावं लागलं नाही. गेल्या वर्षी अतीकची मावशी करकंबहून मुलगी पाहायला आली, तेव्हापासून ते तिच्या जिभेवर मुक्कामालाच होतं. जिला साधा ताप आला नाही अशी पोर साऱ्या सोलापुरात धुंडून सापडायची नाही. पण सोयरीक जुळवायची म्हटली की घरोघरी अशी एकेक निघते. आयेशाला शाळेत असल्यापासून फिट येत. रोजची गोळी चुकली नाही, तर पोर चारचौघींसारखी. पण फिटचं नाव निघालं की पाहुणे चहा अर्धा टाकून उठतात, हे जाहिदाने गल्लीत पाहिलं होतं. म्हणून झाकलं. आणि एकदा झाकलं की झाकतच राहावं लागतं. गोळ्यांची पुरचुंडी डब्याच्या तळाशी, वर शेंगाचटणी, आणि तिकडे जो कोणी निघेल त्याच्या हाती डबा.

“बघ, मी काय म्हणत होतो!” अतीक बायकोकडे वळला आणि मग सासूला समजावून सांगू लागला. कंपनी त्याच्या दवाखान्याचं बघते, बायकोचं नाही. तिच्यासाठी खासगी विमा घ्या म्हणून एक एजंट हात धुऊन मागे लागला होता. आज त्याला हो की नाही कळवायचं होतं. “तो आधीची दुखणी विचारत होता. म्हटलं, अम्मींनाच विचारू. काहीच नाही म्हटल्यावर कशाला घ्यायचा? ठणठणीत माणसाचा विमा म्हणजे एजंटाचं पोट भरणं.”

प्रश्न कशासाठी आहे, हे जाहिदाने ऐकूनच घेतलं नव्हतं.

“तरी घ्या की,” ती म्हणाली. “दुखणं काय सांगून येतंय व्हय?”

“हिला दुखणं नाही अम्मी, वेंधळेपणा आहे.” अतीक हसला. “परवा ओट्यापाशी चक्क आडवी झाली. मी कामावरून आलो तर कपाळ फुटलेलं. आता त्याचा कसला विमा काढणार?”

आयेशाने डोक्यावरची ओढणी आणखी थोडी पुढे ओढली.

“फरशी ओली होती, अम्मी.”

कुठली फरशी आणि किती ओली, ते जाहिदाला न सांगता कळलं. गल्लीतला मुबीन बहरीनहून सुट्टीवर आला होता आणि त्याची सुट्टी लांबली. त्याच्याबरोबर जायचा डबा इथंच राहिला आणि तिकडच्या गोळ्या संपल्या. पोर परक्या मुलखात, बंद खोलीत एकटी पडली. शुद्धीवर आली आणि आईनेच शिकवलेलं खोटं पुढे चालवायला लागली. जाहिदाला भडभडून आलं. सांगून टाकावं, काय व्हायचं ते होऊ दे, असं अगदी ओठांवर आलं.

दारात कासीम टेम्पोची किल्ली घेऊन उभा होता. त्याने बायकोचा चेहरा पाहिला आणि नुसती मान हलवली. नाही.

जाहिदा पुन्हा मोबाइलकडे वळली. “आन् समजा, असतं काही दुखणं, तर?”

“असतं तर?” अतीक पुन्हा हसला. चांगला पोरगा होता, मनात काही ठेवून हसणारा नव्हता. “असतं तर आम्ही दोघं इथं असे बसलो असतो का, अम्मी?”

त्याच्याबरोबर आयेशाही हसली. न हसून तिला चालणार नव्हतं.

“बरं, चटणी तेवढी लवकर पाठवा. ही मला डब्याला हात लावू देत नाही, सगळी एकटीच खाते. एजंटाला मी आता नाही म्हणून कळवतो.”

फोन बंद झाला. मांडीवरच्या गोळ्या जाहिदाने फडक्यात बांधल्या, पुरचुंडी डब्याच्या तळाशी ठेवली आणि वर चटणी भरून चमच्याने दाबली. डोळ्यांतलं पाणी तिने मनगटाने पुसलं. बोटांना तिखट लागलं होतं.

कासीम आत आला. मुबीनची गाडी सात रस्ता चौकातून सुटायची होती, डबा पोचवायचा होता.

“बोलली न्हाईस ते लई बरं केलंस,” तो म्हणाला. “बोलली असतीस तर पोरगी पुढच्या विमानानं परत आली असती.”

जाहिदाने झाकण घट्ट लावून डबा त्याच्या हातात दिला.

“आली असती,” ती म्हणाली. “पण आपल्या पायानं आली असती.”