दुबई-दर्शन

आई-अण्णांना आठ दिवस दुबई फिरवली की बोर्डीची चिकूवाडी आपल्याच नावावर होणार, असा देवेशचा हिशेब होता. कर्तबगार मुलालाच बाप वाडी देतो. म्हणून त्याने एसी गाडी फिरवली, तीन खोल्यांचा फ्लॅट दाखवला, सोन्याचा बाजारही दाखवला. "सगळं तुमच्या आशीर्वादाने," असं तो उठता-बसता म्हणे.

निघताना विमानतळावर अण्णांनी त्याची पाठ थोपटली. "शाब्बास! काळजीच मिटली. घरी गेलो की वाडी तुझ्या प्रभाताईच्या नावावर करतो. वेवजीच्या शाळेच्या पगारात त्या पोरीचं काय भागतंय?"

"तुला रे आता कशाला चिकू?" आई हसली.

विमान उडालं. देवेशने मित्राची गाडी परत केली, सुट्टीवरून आलेल्या साहेबांना फ्लॅटची किल्ली दिली आणि सहा जणांच्या खोलीतली आपली खाट गाठली.