पणजीचा डिमेलो

"मेल गेलो काय रे, मेल्या?" मथुरामावशीने विचारलं.

"चल्लो," म्हणत नितेशने शेवटच्या ओळीवर एकटं टिंब दिलं आणि एंटर दाबलं.

मच्छीमार सोसायटीच्या बर्फ कारखान्यात, ऑफिसच्या कोपऱ्यात एक सर्व्हर होता. काळा पडदा, पांढरी अक्षरं. माऊस नाही, चित्र नाही. डिझेल-बर्फाचा हिशोब त्यावरून रोज जिल्ह्याला पाठवायचा, एवढ्यासाठी सोसायटीने नितेशला ठेवलं होतं. मजकूर टाइप करायचा आणि खाली टिंब द्यायचं, की मेल निघाला. मात्र सर्व्हर स्वतः कुठेच जात नसे. तो मेल पणजीच्या रिलेच्या, म्हणजे मधल्या मोठ्या सर्व्हरच्या, हवाली करायचा आणि रिले तो पुढे पोचवायचा. मावशीला त्याने हे एसटीच्या भाषेत समजावलं होतं: आपण डबा कंडक्टरकडे द्यायचा, कुडाळात तो दुसऱ्या गाडीत चढतो.

मावशी मासळी विकायची. तिचा मुलगा प्रितम मोठ्या जहाजावर नोकरीला. त्याचा होकार आल्याशिवाय वर्षालीचं लग्न ठरवायचं नाही, असं तिचं म्हणणं. म्हणून दर मंगळवारी टोपली रिकामी झाली की ती लेकीला घेऊन ऑफिसात हजर. प्रितमचा पत्ता वर्षालीनेच कागदावर लिहून दिला होता.

नितेशची पंचाईत अशी, की शाळेपासून त्याला वर्षाली आवडायची आणि आजवर तो तिच्याशी "पंखो लावू?" याच्यापुढे बोलला नव्हता.

पहिल्याच मंगळवारी मेल परत आला. या नावाचा माणूस इथे नाही, असं इंग्रजीत लिहून.

"पत्त्याचा स्पेलिंग जरा..." नितेश म्हणाला.

"बरोबर आसा," वर्षाली पटकन म्हणाली.

जिचा मुलगा समुद्रावर आहे, त्या आईला ‘या नावाचा माणूस नाही’ हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

"कोणाचा उत्तर इला?" मावशी पडद्याकडे वाकली.

वर्षालीने मेल परत धाडणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव वाचलं, "मेलर... डिमॉन."

"डिमेलो?"

"होय," नितेश म्हणाला. "डिमेलो. पणजेक आसता. जहाज बंदराक लागला काय तो प्रितमाक मेल पोचयतलो."

वर्षालीला एकदम खोकला आला. ती खिडकीतून बर्फाच्या लाद्या बघू लागली.

पुढच्या मंगळवारपासून प्रितमला एक ओळ आणि डिमेलोला चार, असं सुरू झालं.

"दाढ काढलंस ता बरा केलंस, असा प्रितमाक लिव. आता डिमेलोक विचार, वय काय?"

टिंब. जरा वेळाने तेच इंग्रजी परत. नितेश ते वाचल्यासारखं करायचा. आयत्या वेळी खोटं सुचायचं नाही, म्हणून जवळचं जे असेल ते सांगायचा.

"सत्तावीस म्हणता."

"लगीन?"

"नाय म्हणता."

"दारू पिता?"

"शिमग्याक. थोडी."

"डिमेलो शिमगो करता?"

"गोव्यात सगळेच करतत."

"जेवणात काय आवडता?"

"बांगडो. तिरफळां घातलेलो."

"आवशीचा ऐकता?" मावशीने आईचा मुद्दा काढला.

नितेशने पडद्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "ऐकता. पण आवशीक दोनदा सांगूचा लागता."

नारळी पुनव झाली, बोटी पाण्यात गेल्या, प्रितमचं उत्तर काही आलं नाही. एका मंगळवारी मावशी खुर्चीत टेकली ती मजकूर न सांगताच म्हणाली, "माझा ठरला. वर्षालीक डिमेलो."

नितेशचा हात कीबोर्डवर पडला आणि पडद्यावर बरीच अक्षरं उमटली.

"मावशे, तो किरिस्तांव."

"आसांदे. विचारल्याचा उत्तर तरी देता. हयसरले झील नुसते बघतत आणि पंखो लावतत."

नितेश वर्षालीकडे वळला. "तू काय म्हणतंस?"

"माका पसंत आसा," ती म्हणाली. "बोलता बरो."

मेल परत पाठवणाऱ्या एका प्रोग्रॅमचा आपल्याला हेवा वाटतोय, हे नितेशला स्वतःलाही विचित्र वाटलं.

"आयतवाराक जेवक बोलय तेका," मावशी म्हणाली. "दी टिंब."

त्याने दिलं.

"काय म्हणता?"

"येतलो म्हणता," नितेशच्या तोंडून निघून गेलं.

काळ्या पडद्यावरून कोणाच्याही नावाने मेल पाठवता येतो, हे त्याला ठाऊक होतं. शनिवारी त्याने प्रितमच्या नावाने लिहिलंसुद्धा: डिमेलो नको, वर्षालीक गावातलोच झील बघ. सगळं लिहून झालं, पण टिंब देववेना. एका आईला तिच्या मुलाच्या नावाने फसवायचं म्हणजे फारच झालं. त्याने मजकूर पुसला. आता जाऊन खरं सांगायचं, मग मावशी दारात उभं करो की न करो.

रविवारी तो दांडी किनाऱ्यावरच्या मावशीच्या घराकडे निघाला. कबुली द्यायला जाताना काय न्यायची पद्धत असते ते माहीत नव्हतं, म्हणून एक नारळ घेतला. वाटभर घोकत होता: मावशे, डिमेलो असो कोण नाय. ता सगळा माझाच.

खळ्यात तिरफळांचा वास येत होता. ओसरीवर एक भलीमोठी बॅग उभी होती, विमानतळाची चिठ्ठी अजून लटकलेली. दार उघडलं ते प्रितमने. उन्हाने करपलेला. हसला तेव्हा एका बाजूला दाढेची रिकामी खाच दिसली. मेल तर एकदाही पोचला नव्हता; मग दाढ काढल्याचं मावशीला आधीच कसं ठाऊक होतं?

नितेशने बोलायला तोंड उघडलं. प्रितमने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, हातातला नारळ काढून घेतला आणि मान वळवून आत हाक दिली.

"आये, बांगडो वाढ गो. डिमेलो इलो."