काकांच्या गोष्टीला शेवट नाही

“पात्राला हवंय काय?” बँकेतून रिटायर झालेल्या साहेबांनी कागद टेबलावर आपटले. “चार पानं वाचली, पण पत्ता नाही!”

लॉन्ड्रीवाले काका गप्प बसले. बसावंच लागतं. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी दुपारी कथालेखनाचा वर्ग भरतो आणि तिथे सरांचा नियम कडक आहे. ज्याची गोष्ट, त्याच्या तोंडाला कुलूप. बाकीच्यांनी बोलायचं, पण ‘तुम्ही’ म्हणायचं नाही, ‘पात्र’ म्हणायचं. लिहिणाऱ्याच्या घरचं काही विचारायचं नाही. नियम तसा चांगला आहे. त्याने बरीच भांडणं टळली आहेत.

काकांची गोष्ट साधी होती. एका माणसाची म्हातारी आई त्याला ओळखत नाही. तो तिला आंघोळ घालतो, भरवतो, औषधं देतो. रोज संध्याकाळी ती विचारते, “तुम्ही कोण?” मुलगा म्हटलं की घाबरून किंचाळते. म्हणून तो सांगतो, “लॉन्ड्रीवाला.” मग ती शांत होते, अंगावरची चादर काढून त्याच्या हातात देते आणि बजावते, “डाग नीट काढा हं. मागच्या वेळी तसाच राहिला होता.” दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही.

आता लॉन्ड्रीवाल्याने लॉन्ड्रीवाल्याची गोष्ट लिहिली म्हटल्यावर कुणाच्याही डोक्यात प्रकाश पडायला हवा. पण वर्ग पक्का तयार झालेला. सरांनी इतकी वर्षं घासून घासून तयार केलेला. ती आई या घडीला घरी पलंगावर आहे, शेजारच्या वहिनी हातातलं काम टाकून तिच्यापाशी बसल्यात आणि वर्ग सुटला की काकांना उठून परत तिथेच जायचंय, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

“पान दोन आणि पान चार यांची अदलाबदल केली तरी कळणार नाही,” कॉलेजातली मुलगी म्हणाली. “यात काही बदलतच नाही.”

“बघा, काय नेमकं पकडलंय!” सर खूश झाले.

काकांनी मान डोलावली. बदलत नव्हतंच काही.

“शेवटी आईने त्याला ओळखलं तर?” शिकवणी घेणाऱ्या बाईंनी भीत भीत विचारलं.

“झाला सिनेमा!” दोघं-तिघं एकदम ओरडले.

“बरं, मग ती गेली तर? झोपेत?”

“लेखक दमला की पात्र झोपेत मरतं,” सर म्हणाले. वर्ग हसला. काकाही हसले, थोडंसं.

“पण सर, शेवट तर हवाच ना?”

“हवाच. आणि तो पात्राने घडवायला हवा. नुसतं सोसत बसणाऱ्याची गोष्ट होत नाही.”

औषधांच्या दुकानातल्या ताई आतापर्यंत काही बोलल्या नव्हत्या. त्या हळूच म्हणाल्या, “मुलानेच तिला संपवलं तर? गोळ्या रोजच्याच. फक्त जास्त.”

आणि मग वर्गाला जो काही चेव चढला! साहेब म्हणाले, पात्राला काय हवंय ते आत्ता समजलं. मुलीने सुचवलं, मारल्याचं लिहायचंच नाही, सकाळी दोरीवर वाळत घातलेली चादर दाखवायची, बस. शिकवणीच्या बाईंच्या तर डोळ्यांत पाणी आलं, शेवट इतका सुरेख आहे म्हणून. अरे, एवढ्या माणसांत एकालाही त्या म्हातारीची दया येऊ नये? पण म्हातारी होतीच कुठे त्या खोलीत! पात्र होतं.

काका खाली मान घालून ऐकत होते. एक एक जण बोलत गेला तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी शेवटी तर त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

“शाब्बास!” सरांनी टेबलावर थाप मारली. “असा शेवट या वर्गात आजवर कुणाला सुचला नाही. वरून चिकटवलेला वाटत नाही, गोष्टीच्या पोटातून आलाय. याच्याशिवाय दुसरा शेवट असूच शकत नाही. हां काका, आता तुम्ही बोला.”

काका उठले. पानं गोळा करून पिशवीत घालायला लागले, तर ती धड आत जाईनात.

“अहो, बोला की! आवडला नाही का?”

“मला आधीच सुचला होता, सर.”

“मग लिहिला का नाही?”

काकांनी पिशवी खाली ठेवली. सरांकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं.

“रोज सुचतो. तिला गोळ्या द्यायला बसलो की सुचतो,” ते म्हणाले. “म्हटलं, एवढी शिकलेली माणसं आहेत, त्यांच्यापुढे गोष्ट ठेवावी. एक तरी म्हणेल, हा शेवट नको.”