आतला बिगूल

ब्रॉनविन नर्सनं टेबलावर सहा पत्ते मांडले. "सगळ्यात जास्त छळतं ते वर ठेवा, नेव्ह. सगळ्यात कमी छळतं ते खाली."

नेव्हिल टॅस्करनं चष्मा पुसला. पत्त्यांवर त्याच्या पोटाची अख्खी कुंडली मांडली होती. आठवड्यातून तीनदाही होत नाही. कुंथावं लागतं. खडा होतो. पोट फुगतं. झालं तरी झाल्यासारखं वाटत नाही. फार वेळ बसावं लागतं. जुनाट बद्धकोष्ठात रोग्याला नक्की काय सलतं, हे शहरातल्या डॉक्टरांना रोग्यांकडूनच ऐकायचं होतं. इतक्या वर्षांत कुणाला तरी विचारावंसं वाटलं, हेच खूप झालं.

नेव्हिलनं शेवटचा पत्ता उचलून सगळ्यांच्या वर ठेवला.

"आणि बाकीचे?"

"बाकीचे तुला हवे तसे लाव, पोरी. कुंथायला माझी ना नाही. पण पंचवीस एप्रिलला पहाटे साडेपाचला मला बाहेर असायचंय."

त्याचं असं होतं. युद्धात गेलेल्यांच्या नावांचा दगड गाल्बीच्या हॉलसमोर आहे, आणि पंचवीस एप्रिलच्या पहाटे गाव त्यांच्या आठवणीसाठी अंधारात तिथं जमतं. नावं वाचतात, थोडा वेळ शांत उभं राहतात आणि मग बिगूल वाजतो. दगडावर नेव्हिलच्या आजोबांचंही नाव आहे. नऊ वर्षांपूर्वी जुना बिगूलवाला ऐन मार्चात वारला. माजी सैनिकांच्या क्लबचा अध्यक्ष क्लॅरी हॅनाफोर्ड गुपचूप नेव्हिलकडे आला, कारण नेव्हिल तरुणपणी सैन्यात बिगूल शिकला होता. नेव्हिल हो म्हणाला. पण त्याच्या पोटाची वेळ ठरलेली, पहाटे पाच ते साडेसहा. ती हुकली की चार दिवस बोंब.

त्या पहाटे तो हॉलमागच्या पत्र्याच्या संडासात अडकला. क्लॅरीनं दगडावरची नावं वाचून संपवली. शांतता लांबत चालली, लोक खाकरू लागले. शेवटी नेव्हिलनं बसल्या जागेवरून बिगूल फुंकला.

सूर पत्र्यात घुमला आणि दबून, लांबून, जमिनीखालून आल्यासारखा बाहेर पडला. शेवटी तो थरथरला. का थरथरला, ते बिचाऱ्या नेव्हिललाच माहीत. पण बाहेर अख्खं गाव रडलं. गाल्बीची माणसं गहू उभा जळाला तरी "बरं चाललंय" म्हणतात, आणि बापाच्या दफनाला पावसापाण्याच्या गप्पा मारतात. ती माणसं एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडली. क्लॅरीनं ते पाहिलं आणि तोंडाला कुलूप लावलं. तेव्हापासून न दिसणारा बिगूलवाला ही गावाची परंपरा झाली. शेजारच्या गावांतून बस भरून लोक यायला लागले.

नेव्हिलच्या वाट्याला काय आलं? तर त्या पहाटे कधीच न दिसणारा गावातला एकमेव माणूस, अशी ख्याती. "आजोबांचं नाव आहे दगडावर, आणि ह्याचं अंथरूण सुटत नाही," असं लोक पबमध्ये त्याला ऐकू जाईल असं बोलायचे. खरं सांगावं तर संडास सांगावा लागणार. नऊ वर्षं त्यानं ते गिळलं, आणि ते त्याच्या पोटापेक्षा जड झालं होतं.

शहरातल्या डॉक्टरांकडून आलेल्या औषधाच्या पुडीनं मात्र कमाल केली. फेब्रुवारीपर्यंत काम सात मिनिटांवर आलं.

पंचवीस एप्रिलला नेव्हिल कडक इस्त्रीचा कोट घालून, छातीला गेलेल्यांच्या आठवणीची रोझमेरीची डहाळी लावून दगडाशेजारी उभा राहिला. कंदिलाच्या उजेडात सगळ्यांना दिसेल असा. आजोबांच्या नावाकडे बघत त्यानं बिगूल वाजवला. सूर स्वच्छ लागले. एकही थरथरला नाही.

कुणी रडलं नाही. कुणी हललंही नाही. लोक माना खाली घालून उभेच. बिगुलानंतर प्यायची रम घातलेली कॉफी निवत चालली, तिच्याकडेही कुणी फिरकेना.

"हा कशाला मध्ये तडमडला?" म्हाताऱ्या एड्ना पॉटरनं शेजारणीला विचारलं. "आपला नेहमीचा कधी वाजवणार?"

क्लॅरीनं नेव्हिलला कोपरानं धरून बाजूला घेतलं. "नेव्ह, गड्या, तू आत जा."

"माझं पोट साफ आहे, क्लॅरी. आयुष्यात पहिल्यांदा."

"तुझं आहे रे. त्यांचं बघ ना." क्लॅरीनं गर्दीकडे मान वळवली. "वर्षातून एकदाच होतं त्यांचं. ते आज अडलंय."

नेव्हिलनं बघितलं. परवाच भाऊ गेलेला डग मॅकब्राइड मुठी आवळून, दातावर दात दाबून उभा होता. त्याच्या मागचे सगळे तसेच. हा चेहरा नेव्हिलला ओळखीचा होता. रोज पहाटे दीड तास त्यानं तो स्वतः केला होता. त्याला फार वाईट वाटलं. स्वतःबद्दल, आणि त्यांच्याबद्दल त्याहून जास्त.

क्लॅरीनं कंदील बारीक केला. नेव्हिल अंधारातून हॉलमागं गेला, पत्र्याचं दार ओढलं, कडी लावली आणि इस्त्रीच्या पँटनिशी झाकणावर बसला.

सूर पत्र्यात घुमला. लांबून, जमिनीखालून आला. बाहेर पहिला हुंदका डगचा फुटला, आणि मग सगळं गाव मोकळं झालं.

एड्नानं रुमालानं डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि दगडाशेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाली, "आणि तो टॅस्कर बघा. ऐन वेळी पळाला."