मे की नोव्हेंबर

"मी मेमध्येच बसते," जोवी म्हणाली आणि वाटीतला उरलेला रस्सा तोंडाला लावून तिने संपवला. "सहा आठवडे अभ्यास केला. अजून किती करायचा?"

फेलिसाने चमचा खाली ठेवला. नर्सच्या परवान्याची परीक्षा वर्षातून दोनदा, मेमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये. दीड वर्ष ती पुस्तकांशी झटत होती, आणि दर वेळी अर्ज भरायच्या आदल्या दिवशी कच खात होती.

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरातल्या शिकवणीवर्गात दोघी एकाच बाकावर बसत. फेलिसा सेहेचाळीसची, जोवी बावीसची. आठवडाभर फेलिसा डोंगराकडच्या एका आरोग्य केंद्रात असे. शनिवार-रविवारचं कॉलेज करून तिने नर्सिंग पुरं केलं होतं.

"तिथे काय काम करता, मानांग?" जोवीने एकदा विचारलं होतं. थोरल्या बहिणीला म्हणावं तसं ती फेलिसाला मानांग म्हणे.

"पडेल ते."

कॅनडातल्या बहिणीचा एकच धोशा होता. यायचं तर नर्स होऊनच ये, दुसरं काही इथे चालत नाही. आणि वय काही थांबत नव्हतं.

जेवणानंतर वर्गात तोमास सरांनी प्रश्न विचारला. म्हाताऱ्या रुग्णाला एकाएकी धाप लागली. नर्सने आधी काय करायचं?

"इंजेक्शन," फेलिसा म्हणाली.

"चूक. जोवी?"

"उशाकडची बाजू उंच करून नीट बसवायचं."

"बरोबर."

जोवी तिच्याकडे वळून हसली. "मानांग, तुम्हाला सदा औषधांचीच घाई. आणि तुमची टिपणं परत घ्या बाई. मुंगी शाईत पडून कागदावर चालल्यासारखं अक्षर. मला एक ओळ लागेल तर शपथ."

बाकीचे हसले. फेलिसाही हसली, पण टिपणं तिने चुरगळून पिशवीत कोंबली. या पोरीने आयुष्यात किती म्हातारे पाहिले? किती जणांचे डोळे मिटले? आणि हीच उद्या नर्स होऊन परदेशी जायला विमानात बसणार.

वर्ग सुटल्यावर जिन्यात तिने जोवीला गाठलं. आवाज मधाळ केला.

"घाई करू नकोस गं. एकदा नापास झालं की मन खचतं. नोव्हेंबरला बस. आपण दोघी बसू."

जोवीचा चेहरा उतरला. "खरंच कच्ची आहे मी?"

"जराशी."

"आजीला गावातल्या घरासमोर माझ्या फोटोचा फलक लावायचाय, पास झाल्याचा. तिला हल्ली धाप लागते. ती बघेल का नोव्हेंबर?" तिने अर्जाचा कागद दुमडून वहीत ठेवला. "पण तुम्ही म्हणता तर खरंच असेल. तुम्ही जग पाहिलंय."

बसमध्ये फेलिसाला छान झोप लागली.

सोमवारी सकाळी ती केंद्राचं कुलूप काढत होती, तोच तीनचाकी रिक्षा येऊन थांबली. आत जोवी. तिच्या खांद्यावर मान टाकून एक म्हातारी, ओठ निळसर.

"मानांग, तुम्ही इथे? बरं झालं. डॉक्टरांना बोलवा ना, लवकर."

फेलिसाने दार ढकललं. दोघींनी म्हातारीला खाटेवर घेतलं. फेलिसाचा हात सवयीने इंजेक्शनच्या कपाटाकडे गेला, तिथेच थांबला. तिने खाटेची उशाकडची बाजू वर केली, पाठीशी दोन उशा दिल्या, मग नाकाशी प्राणवायूची नळी लावली.

"बरोबर," जोवी रडत रडतच म्हणाली. "आता डॉक्टर कुठे आहेत, सांगा. मीच जाते."

हळूहळू म्हातारीचा श्वास संथ झाला. तिने चाचपडत फेलिसाचा हात धरला, आणि नातीकडे पाहिलं.

"कुणाला शोधतेस, वेडे? याच आपल्या डॉक्टरीणबाई. या इथे आहेत तोवर मला काही होत नाही."